अभ्यासवर्गाला पैसा कुठून आणावा?

(विहाराच्या वर्धापन दिनी झालेल्या परिसंवादातील भाषण. बोललो तसेच उतरवून काढले आहे. आकडे आणि कायद्याच्या तारखा मात्र नंतर ताडून घातल्या आहेत.)



माझ्या आधी बोलले ते सर कॉलेजात शिकवतात. मी गिरणी कामगार. १९८८ साली त्रासन खात्यात बदली म्हणून लागलो. आज ती गिरणी नाही, चिमणीसुद्धा नाही, पण कुणी विचारलं काय करता, तर तोंडातून अजून गिरणी कामगार हेच येतं. शाळेचं म्हणाल तर सातवी. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. वडील संपात. दोन महिन्यांनी आईने आम्हा भावंडांना गावी नेलं, आणि परत आलो तेव्हा शाळेच्या पटावर माझं नाव नव्हतं. पुढचं जे काही शिकलो ते युनियनच्या ऑफिसात आणि ह्याच विहाराच्या लोखंडी कपाटातल्या पुस्तकांवर. तेव्हा भाषा इकडची तिकडे झाली तर सांभाळून घ्या.

मला विषय दिलाय, शिक्षणाच्या कामासाठी कंपन्यांकडून आणि मोठ्या ट्रस्टकडून अनुदान कसे मिळवावे. हा विषय मला का दिला? तर आपल्या संध्याकाळच्या अभ्यासवर्गासाठी गेली सहा वर्षे ह्या दारातून त्या दारात मीच फिरतो. चार ठिकाणी नकार मिळाला. दोन ठिकाणी होकार. त्यातल्या एका होकाराचा मला पश्चात्ताप आहे, तेही सांगणार आहे.

पहिली गोष्ट मनातली काढून टाकूया. आपल्यातले जुनेजाणते म्हणतात, कंपनीकडे पैसे मागणे म्हणजे मालकापुढे हात पसरणे. ज्यांनी आयुष्यभर गेटवर घोषणा दिल्या, त्यांना हे टोचणारच. मलाही टोचलं. पण कायदा वाचला आणि मत बदललं. २०१३ चा कंपनी कायदा आहे, त्यातले कलम १३५. ते १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले. ज्या कंपनीची नक्त मालमत्ता ५०० कोटी किंवा जास्त, किंवा उलाढाल १००० कोटी किंवा जास्त, किंवा निव्वळ नफा ५ कोटी किंवा जास्त, ह्या तिन्हीतली एक जरी गोष्ट लागू झाली तरी त्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजाच्या कामावर खर्च करायची आहे. कोणत्या कामावर, त्याची यादी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात आहे. त्यात शिक्षण आहे. सामाजिक आणि आर्थिक दृष्ट्या मागास घटकांची विषमता कमी करण्याचे काम, हेही त्यात शब्दांनिशी आहे. ह्यालाच सीएसआर म्हणतात. २०२२-२३ ह्या एका वर्षात देशभरातल्या कंपन्यांनी असा जवळपास तीस हजार कोटी रुपये खर्च दाखवला, त्यातले दहा हजार कोटींच्या वर शिक्षणावर. आणि सगळ्या राज्यांत जास्त पैसा महाराष्ट्रात आला.

म्हणजे मालकाच्या मनात आलं म्हणून तो देतोय असं नाही. द्यायचंच आहे. कुणाला द्यायचं, एवढंच ठरायचं आहे. आणि ते ठरताना आपला कागद त्या टेबलावर असतो का? नसतो. तीस हजार कोटीतला आपल्या वस्तीत कितीसा आला, ते तुम्हीच बघा.

आता कंपनी शोधायची कशी? आपण काय करतो, पेपरात जिची मोठी जाहिरात तिच्याकडे अर्ज पाठवतो. तिथे अर्जांचा ढीग असतो आणि तो ढीग बघायला पगारी माणसं ठेवलेली असतात. त्यांना लाखोंच्या नव्हे, कोटींच्या योजना हव्या असतात. आपला दोन-अडीच लाखांचा वर्ग त्यांना दिसतही नाही. मी सांगतो, मधल्या कंपन्या शोधा. हिशोब करा. पाच कोटी नफा असलेल्या कंपनीचे २ टक्के म्हणजे दहा लाख. पन्नास लाखांपर्यंत ज्यांची ही रक्कम आहे त्यांना वेगळी समितीसुद्धा नेमावी लागत नाही, संचालक मंडळच ठरवतं. अशा कंपनीत हे काम बहुतेक अकाउंट्सचा एखादा साहेब किंवा कंपनी सेक्रेटरी आपल्या बाकीच्या कामात बघत असतो. त्याच्यापुढे दहा लाखांचा प्रश्न दरसाल उभा राहतो आणि फेब्रुवारी-मार्च आला की त्याची धावपळ होते. आपण मार्चमध्ये जायचं नाही. मार्चमध्ये जो सापडेल त्याला देऊन मोकळे होतात. जून-जुलैत जायचं, वर्षाचं काही ठरायच्या आत.

हे सगळं मला कुठून कळलं? ताळेबंदातून. बंधूंनो, ताळेबंद वाचायला आम्हाला बोनसने शिकवलं. १९६५ च्या बोनस कायद्याखाली कमीत कमी ८.३३ टक्के आणि जास्तीत जास्त २० टक्के. मधला आकडा काढायचा तर नफा किती दाखवलाय, घसारा किती धरलाय, हे बघावं लागायचं. दिवाळीआधी युनियन ऑफिसात एक जुने गृहस्थ आम्हा आठ-दहा जणांना घेऊन बसायचे आणि कंपनीचा अहवाल ओळीओळीने वाचून घ्यायचे. इंग्रजी यायचं नाही, पण आकडा इंग्रजीत काय नि मराठीत काय. ती विद्या आता इथे उपयोगी पडते. कंपनीच्या वार्षिक अहवालाला सीएसआरचा तक्ता जोडलेला असतो. सीएसआरचं धोरण आणि मंजूर प्रकल्प कंपनीने आपल्या संकेतस्थळावर टाकायचे आहेत, असा नियमच आहे. सरकारच्या सीएसआर पोर्टलवर कंपनीवार आकडे बघता येतात. कुठला जिल्हा, कुठलं काम, पैसा स्वतः खर्च केला की संस्थेमार्फत, हे सगळं तिथे कळतं. आपल्या नातवंडांना मोबाईल चालवता येतो ना? एक रविवार बसवा त्यांना.

त्याच कलमात आणखी एक वाक्य आहे. कंपनी जिथे काम करते तिथल्या स्थानिक परिसराला तिने प्राधान्य द्यावे. हे वाचलं तेव्हा मी वही मिटवून थोडा वेळ गप्प बसलो. आपला स्थानिक परिसर कोणता? लालबाग, परळ, लोअर परळ, वरळी. १९९१ च्या विकास नियमावलीत नियम ५८ होता, गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे करायचे, एक मोकळ्या जागेला, एक सार्वजनिक घरांना, एक मालकाला. २००१ मध्ये तो असा बदलला की वाट्याला येणारी जमीनच आटली, आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम केला. त्या जमिनींवर आज काचेचे टॉवर आहेत आणि त्या टॉवरांत ह्याच कंपन्यांची ऑफिसं आहेत. मग त्यांचा स्थानिक परिसर म्हणजे कोण? आपणच की. सरकारी कंपन्याही विसरू नका. माझगाव डॉक, आरसीएफ, भारत पेट्रोलियम, हिंदुस्थान पेट्रोलियम, ह्या सगळ्यांची मुख्य कचेरी मुंबईतच आहे आणि कायदा त्यांनाही सारखाच.

माझे वडील ज्या गेटातून तिकीट दाखवून आत जायचे, त्याच जमिनीवरच्या एका इमारतीत मी अर्ज घेऊन गेलो. खाली वॉचमनने फोटो काढला, गळ्यात पट्टा घातला. लिफ्टमध्ये मला वाटलं, हीच कापसाच्या गोदामाची जागा असावी. नक्की सांगता येत नव्हतं. असो.

आता नकारांबद्दल. पहिले तीन नकार साधे होते, उत्तरच आलं नाही. चौथा नकार मात्र माझ्या चुकीने आला, आणि तो मला अजून झोंबतो. एका कंपनीने आपल्याला बोलावलं. बाई भली होती, वर्गावर येऊन मुलांत तासभर बसून गेली. म्हणाली, मंजूर होईल, कागद पाठवा. कागद काढले तर धर्मादाय कार्यालयाच्या नोंदीत, म्हणजे परिशिष्ट एकवर, आपले सात विश्वस्त. त्यातले दोघे वारलेले. एक गावी स्थायिक झालेला. निवडणूक होऊन नवे विश्वस्त आले होते, हार-तुरे झाले होते, फोटोही आहेत. पण बदल झाला की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट द्यायचा असतो, तो दिलाच नव्हता. चिटणीस कोण होता? मी. बँकेच्या खात्यावर सही एकाची, नोंदीत नाव दुसऱ्याचं. त्या बाईंनी दोन महिने वाट पाहिली. मग तो पैसा दुसऱ्या संस्थेला गेला. वरळीला धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत उशिराचा अर्ज घेऊन मी किती खेपा घातल्या ते इथे सांगत बसत नाही. त्या वर्षी दोन शिक्षिकांपैकी एकीचं मानधन आपण देऊ शकलो नाही. ती पोरगी ह्याच वस्तीतली, पहिल्या पिढीची पदवीधर. तिने तीन महिने फुकट शिकवलं, मग मॉलमध्ये नोकरी धरली. तिला मी दोष देत नाही. दहावीच्या गणिताचा तास त्यानंतर पाच महिने बंद होता.

म्हणून आधी कागद. कंटाळा येईल, पण ऐकून घ्या. संस्थेची नोंदणी आणि विश्वस्तांची नावं चालू हवीत. तीन वर्षांचे ऑडिट केलेले हिशोब हवेत. आयकर खात्याची दोन प्रमाणपत्रं हवीत, ज्यांना सगळे '१२ए' आणि '८०जी' म्हणून ओळखतात. १ एप्रिल २०२६ पासून जुन्या १९६१ च्या जागी नवा आयकर कायदा लागू करायचे ठरले, त्याने कलमांचे आकडे बदलतात, तेव्हा आपल्या सीएला विचारूनच फॉर्म भरा. ही दोन्ही मिळाल्यावर कंपनी खात्याकडे सीएसआर-१ नावाचा फॉर्म भरायचा आणि नंबर घ्यायचा. १ एप्रिल २०२१ पासून हा नंबर नसलेल्या संस्थेमार्फत कंपनीला सीएसआरचं काम करता येत नाही. आणि आपल्यासारख्या, कंपनीने स्वतः न काढलेल्या संस्थेला तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो. कालपरवा ट्रस्ट काढून आज अनुदान मागता येत नाही. ज्यांचं मंडळ नवं आहे त्यांनी जुन्या, विश्वासू संस्थेच्या छत्राखाली काम करून ती तीन वर्षं काढावीत आणि हजेरीची वही जपून ठेवावी.

आता सर्वात नाजूक मुद्दा, ज्यावरून आपल्याच सभेत मागे आवाज चढले होते. अभ्यासवर्गाचा हिशोब विहाराच्या हिशोबातून वेगळा काढा, असं मी म्हटलं. लगेच काहीजण म्हणाले, हा विहाराचं नाव पुसायला निघाला. नाव पुसायचं नाही. पण दानपेटी, बुद्ध जयंतीचा खर्च, मंडप, भोजनदान आणि मुलांच्या वह्या हे सगळं एकाच वहीत असेल तर कंपनीचा माणूस ती वही बघून परत जातो. कारण ८०जीची सवलत एखाद्या विशिष्ट धर्मपंथाच्या किंवा जातीच्या फायद्यासाठी असलेल्या संस्थेला मिळत नाही. पण लक्ष द्या, १९६१ च्या आयकर कायद्याच्या त्याच कलमात खुलासाही दिलेला आहे की, अनुसूचित जाती, जमाती, मागासवर्ग, स्त्रिया आणि मुलं यांच्यासाठी असलेली संस्था ह्या कारणाने अडत नाही. म्हणजे कायद्याने दार बंद केलेलं नाही. आपण धार्मिक काम आणि शिक्षणाचं काम ह्यांची सरमिसळ केली की ते बंद होतं. आपल्या वर्गात आज कोकणातली, घाटावरची, उत्तरेकडची, मुसलमान, सगळी मुलं बसतात. ती बसतात हे आपण कागदावर लिहीत नव्हतो, एवढंच. आता हजेरीपट वेगळा, बँक खातं वेगळं, जमाखर्च वेगळा. जागा विहाराचीच आहे आणि बाबासाहेबांचा फोटो भिंतीवर होता तिथेच आहे. तो उतरवा असं मला कुणी म्हणालं नाही. म्हणालं असतं तर ते पैसे घेतले नसते.

पश्चात्तापाच्या होकाराचं सांगतो. एका मोठ्या कंपनीने आपल्याला वीस टॅब दिले. समारंभ झाला, बॅनर लागला, मुलांना टोप्या वाटल्या. टोप्यांवरही कंपनीचं नाव. आम्ही शिक्षिकेच्या मानधनाचा विषय काढला तर म्हणाले, मानधन आमच्या धोरणात बसत नाही. टॅबवर नाव छापता येतं, फळ्यावर, पंख्यावर, बाकावर छापता येतं. ताई रोज दोन तास घसा कोरडा करते त्यावर कुठे छापणार? आठ महिन्यांत सात टॅब बिघडले. दुरुस्तीची तरतूद नव्हती. उरलेले कपाटात आहेत आणि दर वर्षी कंपनीकडून पत्र येतं, वापराचा अहवाल पाठवा. नको असलेली वस्तू फुकट मिळाली म्हणून घेतली, ती चूक आपली. त्यांना बोल लावून उपयोग नाही.

तेव्हापासून मी अर्जाची सुरुवातच खर्चाच्या पानाने करतो. बघा, पन्नास मुलांचा वर्ग धरू. दोन शिक्षिका, प्रत्येकी महिना ७,००० मानधन, वर्षाचे १,६८,०००. वह्या, पुस्तकं, सराव-पत्रिका ३६,०००. वीज, झाडलोट, किरकोळ दुरुस्ती २४,०००. छपाई, प्रवास, ऑडिट १२,०००. एकूण २,४०,०००. भागिले पन्नास, एका मुलामागे वर्षाला ४,८००, महिन्याला ४००. हा ४०० चा आकडा मी साहेबापुढे ठेवतो. साहेब आपल्या पोराच्या ट्यूशनचा आकडा मनात आठवतो, ते त्याच्या तोंडावर दिसतं. मग पुढच्या पानावर मुलांचा हिशोब, जूनमध्ये किती मुलांना भागाकार येत नव्हता, मार्चमध्ये किती जणांना आला, किती गळाली आणि का गळाली. गळाल्याची नावं लपवायची नाहीत. आपण फक्त चांगलं सांगितलं तर त्यांचा विश्वास बसत नाही, त्यांनी असे शंभर अहवाल वाचलेले असतात.

आणि तिसरा प्रश्न ते हमखास विचारतात, तुमचा स्वतःचा वाटा किती? पूर्वी मी गप्प व्हायचो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, तेव्हा कुठली कंपनी आली होती? घराघरातून मूठ-मूठ धान्य बाजूला काढून मुष्टिफंड उभा केला. आपल्या वस्तीत शंभर घरं महिन्याला पन्नास रुपये देतात असं धरलं तर वर्षाचे ६०,००० होतात. म्हणजे वर्गाच्या खर्चाचा चौथा हिस्सा आपला. मग उरलेला तीन-चतुर्थांश मागताना आवाज खाली जात नाही. महिला मंडळाने हे मनावर घेतलं, आणि घरोघरी पावती फाडत फिरण्याचं श्रेय त्यांचंच आहे. पुरुष मंडळी पन्नास रुपये द्यायला फार चर्चा करतात.

टाटांच्या ट्रस्टांबद्दल बरेच जण विचारतात. जमशेटजी टाटांनी उच्च शिक्षणासाठी १८९२ साली निधी काढला, पुढे १९१९ मध्ये सर रतन टाटा ट्रस्ट, १९३२ मध्ये सर दोराबजी टाटा ट्रस्ट. ही मोठी आणि जुनी घरं आहेत. सीएसआर कायद्याच्या कितीतरी आधीपासून देत आलेली. परंतु एका वस्तीतल्या एका वर्गाला तिथे थेट जागा मिळणं कठीण. पाच-दहा वस्त्यांच्या मंडळांनी एकत्र येऊन एक योजना मांडली तर ती बोलण्यासारखी होईल. परदेशी पैशाचं तर नावच नको. त्यासाठी केंद्र सरकारची वेगळी परवानगी लागते, तीन वर्षं काम आणि त्या काळात पंधरा लाखांचा खर्च दाखवावा लागतो, दिल्लीच्या स्टेट बँकेत खातं उघडावं लागतं. आपलं ते काम नव्हे.

एक प्रसंग सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात एक गृहस्थ आला. चांगले कपडे, हातात दोन फोन. म्हणाला, तुमचा सीएसआर नंबर आहे ना, दहा लाखांचा चेक मिळवून देतो. सहा लाख रोख परत करायचे. चार तुमचे. आपल्यातलाच एक कार्यकर्ता, मनाने चांगला, मला बाजूला घेऊन म्हणाला, दादा, चार लाख तर राहतात ना, दीड वर्ष वर्ग चालेल. मी त्या क्षणी नाही म्हटलं नाही. रात्रभर विचार केला, हे मी लपवत नाही. गणिताचा तास तेव्हा बंदच होता आणि त्या मुलांची तोंडं डोळ्यांपुढे येत होती. सकाळी खजिनदार ताईंकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्या धुणीभांडी करतात, नवरा गेला, हिशोबाची वही मात्र छापल्यासारखी लिहितात. त्यांनी एकच विचारलं, सहा लाखांची बिलं कुणाच्या सहीने लागणार? सही त्यांचीच लागणार होती. त्या गृहस्थाला मी निरोप दिला. तो म्हणाला, तुम्ही नाही तर दुसरी संस्था आहेच. असेल.

ज्यांना हे ऐकून वाटतंय की अनुदानाची भानगडच नको, त्यांच्यासाठी बाबासाहेबांचं उदाहरण देतो. ते आपण भाषणात नेहमी सांगतो, पण हिशोबाच्या अंगाने सांगत नाही. १९१३ साली सयाजीराव गायकवाड महाराजांनी त्यांना अमेरिकेच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षे. फुकट दिली का? करार होता. शिकून आल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करायची. बाबासाहेबांनी तो वाचून सही केली. पुढे शिष्यवृत्तीची मुदत संपली, आणि १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना परत यावं लागलं. बडोद्यात त्यांचं काय झालं ते आपल्या मुलांना पाठ आहे. पण त्यानंतरचं बघा. ते थांबले नाहीत. सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पगारातून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत झाली, नवल भथेना ह्या पारशी मित्राकडून पाच हजार रुपये उसने घेतले आणि १९२० साली पुन्हा लंडन गाठलं. म्हणजे देणारा होता, त्याची अट होती, मुदत होती. मुदत संपली तेव्हा स्वतःची कमाई आणि मित्राचं कर्ज उपयोगी आलं. सहा वर्षे फिरून मी जे शिकलो ते एवढ्यात येतं.

कारण आपल्याही अनुदानाला मुदत आहे. ज्या दुसऱ्या कंपनीने होकार दिला, ती त्याच काचेच्या इमारतींपैकी एकीत आहे. मधली कंपनी आहे, नाव सगळ्यांना माहीत नसेल. अकाउंट्सच्या त्या साहेबाने ४०० चा आकडा बघितला आणि दोन्ही शिक्षिकांचं मानधन मान्य केलं. टोप्या नाहीत, टॅब नाहीत. मॉलमध्ये गेलेली आपली ताई परत आली, गणिताचा तास सुरू झाला. परंतु करार तीन वर्षांचा आहे. कायद्यातही चालू प्रकल्प म्हणजे सुरुवातीचं वर्ष सोडून फार तर तीन वर्षं, एवढंच धरलेलं आहे. त्यातलं एक वर्ष संपलं. उद्या त्यांचा नफा घटला, साहेब बदलला, तर चौथ्या वर्षी १,६८,००० कोण देणार, हा प्रश्न मी आजच तुमच्यापुढे ठेवतोय. बोर्डाच्या परीक्षेच्या महिन्यात ठेवायचा नाही.

माझी सूचना समितीने मिनिटबुकात घ्यावी. पन्नासचे शंभर करा. शंभर घरांचे वर्षाचे १,२०,००० होतात. दोन वर्षं त्यातले निम्मे खर्चायचे, निम्मे वेगळ्या खात्यात ठेवायचे. तीन वर्षं संपताना १,२०,००० शिल्लक असतील आणि नवा देणारा शोधायला आपल्याला एक वर्ष मिळेल, त्या वर्षात कुठलाही तास बंद न पडता. काहींना शंभर जड जातील, मला माहीत आहे. कुणाकुणाच्या घरात कमावणारं एकच माणूस आहे. त्यांच्याकडून पन्नासच घ्या. ज्यांची मुलं आज बँकेत, मंत्रालयात, परदेशात आहेत आणि ह्याच खोलीत शिकून गेली, त्यांच्याकडून पाचशे मागा. ती यादी माझ्याकडे आहे, वर्षांसकट. आज इथे बसलेत त्यातलेही काहीजण यादीत आहेत.

वेळ संपल्याची चिठ्ठी आली आहे. रविवारी सकाळी दहा वाजता नव्या विश्वस्तांनी आधार, पॅन आणि दोन फोटो घेऊन विहारात यावे. मागच्या महिन्याच्या निवडणुकीचा चेंज रिपोर्ट भरायचा आहे, ९० दिवसांतले चाळीस गेले. जे येणार नाहीत त्यांच्या घरी मी संध्याकाळी येईन. जय भीम.